गाण्यांची डिजिटल विक्री: दुकानाआधीची हमाली

गाण्यांच्या डिजिटल विक्रीची कथा बहुधा २८ एप्रिल २००३ पासून सांगतात. त्या दिवशी अमेरिकेत अ‍ॅपलने आयट्यून्सचे दुकान उघडले. गाणे ९९ सेंटला. पण वाट त्याआधीच शौकिनांनी पाडून ठेवली होती, तीही फुकटात.

साध्या ऑडिओ सीडीवर गाण्यांची नावे बहुधा नसतातच. संगणकात घातली की 'ट्रॅक १', 'ट्रॅक २' एवढेच दिसे. नव्वदच्या दशकात सीडीडीबी नावाची यादी निघाली. प्रत्येक गाणे तबकडीवर कुठे सुरू होते आणि एकूण लांबी किती, यावरून सीडीची ओळख ठरे. नावे कुणीतरी हौसेने टंकायची, पुढच्याला ती आयती मिळायची. पुढे या यादीची ग्रेसनोट कंपनी झाली आणि आयट्यून्सही तिच्याकडूनच नावे घेऊ लागले. टंकणाऱ्यांच्या पदरात काही पडले नाही.

नाट्यसंगीताचे यात हालच झाले. एमपी३ म्हणजे गाणे दाबून लहान केलेली फाइल; तिच्यातल्या जुन्या टॅगमध्ये, म्हणजे माहितीच्या चिठ्ठीत, नावाला ३० रोमन अक्षरे, देवनागरीला थाराच नाही. गोव्यातल्या मंगेशीचे नाट्यगायक दीनानाथ मंगेशकर यांच्या नावात कुणी एक 'आय' लिहिला, कुणी दोन 'ई'. एकच गायक शोधात दोन माणसे होऊन बसला.

फाइलच्या आकाराचा प्रश्न मात्र एमपी३ ने सोडवला. सीडीवरचा एक मिनिट सुमारे १० एमबी, तोच १२८ केबीपीएसला (सेकंदाला १२८ किलोबिट) १ एमबीच्या आत. तरीही फोनच्या तारेवर चालणाऱ्या ५६ केच्या मोडेमवर ४ एमबीचे गाणे उतरायला कागदावर दहा मिनिटे, प्रत्यक्षात जास्तच. मध्येच फोन खणखणला की बऱ्याचदा पहिल्यापासून. शिवाय १२८ केबीपीएसला टाळ-झांजेचा आवाज फाटतो. भजनाच्या रसिकाला ते लगेच कळते.

गोव्यात खरा ठेवा कॅसेटवर होता, आणि पावसाळ्यातल्या दमटपणाने फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरते. ती हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, साचली की आवाज दबतो. म्हणून फीत संगणकात उतरवण्याआधी एकदा पुढे-मागे फिरवून सैल करायची, आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड पुसायचा, वायर संगणकाच्या माइकच्या नव्हे तर लाइन-इनच्या भोकात लावायची. आवाजाच्या पातळीचा सर्वांत उंच ठोका उणे ६ डेसिबलच्या वर नको. त्यापुढे जाऊन तान कापली गेली की ती दुरुस्त होत नाही. सी-९० ची, म्हणजे नव्वद मिनिटांच्या कॅसेटची, एक बाजू वेव्ह या न दाबलेल्या फाइलमध्ये साडेचारशे एमबीच्या वर जाते. एमपी३ त्यानंतर, थेट एमपी३ मध्ये ध्वनिमुद्रण करणे म्हणजे मूळ प्रतच गमावणे.

भारतात रीतसर दुकाने उशिरा आली. फ्लिपकार्टचे 'फ्लाइट' हे गाण्यांचे दुकान २०१२ च्या फेब्रुवारीत उघडले आणि २०१३ च्या जूनमध्ये बंदही पडले. आयट्यून्स २०१२ च्या डिसेंबरात आले. तोवर मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून घ्यायची सवय लागली होती, आणि पाठोपाठ स्ट्रीमिंग आले. दुकाने बदलली, पण जुनी टंकलेली नावे त्यांच्याबरोबर पुढे सरकत राहिली. म्हणून दीनानाथांची पदे शोधताना आजही दोन्ही स्पेलिंगांनी शोधावे.