प्रायश्चित्त संस्कार, कॅथलिक

कॅथलिक पंथाच्या सात संस्कारांपैकी एक. केलेल्या पापाने पस्तावलेली व्यक्ती धर्मगुरूपुढे त्याची कबुली देते, पुन्हा तसे न वागण्याचा निश्चय करते आणि देवाच्या नावे क्षमा मिळवते. आधार म्हणून बायबलमधील योहानकृत शुभवर्तमानातील येशूचे शब्द (२०: २२–२३) सांगितले जातात.

आरंभीच्या शतकांत धर्मत्याग, खून, व्यभिचार यांसाठी जाहीर प्रायश्चित्त असे. गोणपाट नेसलेल्या पापीजनांना प्रसादविधीतून (पवित्र भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीतून) वगळले जाई. रोममध्ये बिशप त्यांना ईस्टरपूर्व गुरुवारी पुन्हा मंडळीत घेत. ही संधी आयुष्यात एकदाच मिळे आणि नंतरही सैनिकी पेशा व विवाहावर बंधने राहत. साहजिकच लोक प्रायश्चित्त मरणशय्येपर्यंत लांबवत.

आजची खाजगी, वारंवार घेता येणारी कबुली कधी सुरू झाली, हा वादाचा विषय आहे. जाहीर पद्धतीबरोबर खाजगी पद्धतही प्रारंभापासून होती, असे फ्रेंच धर्मशास्त्रज्ञ पॉल गाल्तिए यांचे म्हणणे. जर्मन धर्मशास्त्रज्ञ बर्नहार्ट पोशमान यांनी ते नाकारले. पोप लिओ यांनी ४५९ मध्ये पापांच्या लेखी याद्या चारचौघांत वाचण्यास मनाई केली, हे खरे. पण त्यामुळे कबुली गुप्त झाली, प्रायश्चित्त नव्हे. सहाव्या शतकातील आयरिश मठांत मात्र पापागणिक उपवास ठरवून देणाऱ्या पुस्तिका आढळतात आणि आयरिश मठवासी कोलंबानुस यांच्याबरोबर सु. ५९० मध्ये ही रीत गॉलमध्ये (आजच्या फ्रान्समध्ये) पोहोचली. स्पेनमधील टोलेडोच्या धर्मसभेने ५८९ मध्ये वारंवार क्षमा मागण्याचा निषेध केला, तर सु. ६५० मध्ये गॉलमधील शालों येथील सभेने प्रायश्चित्त सर्वांस हितकर ठरवले. हा क्रम पाहता पोशमान यांचे मत अधिक ग्राह्य वाटते.

चर्चच्या चौथ्या लॅटरन परिषदेने (१२१५) वर्षातून एकदा कबुली सक्तीची केली. ट्रेंट परिषदेने (१५५१) अनुताप, कबुली व भरपाई ही तीन अंगे निश्चित केली. केवळ रडून भागत नाही: चोरलेले परत करावे लागते, बदनामी केली असल्यास ती निस्तरावी लागते आणि निश्चयच नसेल तर धर्मगुरूने उच्चारलेली क्षमाही लागू पडत नाही. ऐकलेले धर्मगुरूला कोठेही सांगता येत नाही.

या संस्काराची अंगे प्रत्यक्षात कशी दिसतात, याचे एक उदाहरण इंदूरचे आहे. इंदूर हे १९३५ पासून स्वतंत्र धर्मक्षेत्र व १९५२ पासून धर्मप्रांत (बिशपच्या अखत्यारीतील क्षेत्र) आहे. इंदूरकर मराठी मंडळींच्या परिचयाचे लाल चर्च हे त्याचे कॅथीड्रल, म्हणजे बिशपचे मुख्य चर्च. व्हाइट चर्च प्रॉटेस्टंट असून त्या परंपरेत या विधीला संस्काराचा दर्जा नाही. धर्मप्रांतातील उदयनगरला आदिवासींना सावकारी पाशातून सोडवणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला येणाऱ्या बसमधून उतरवून हत्या झाली. तुरुंगात मारेकरी पस्तावला. २००२ मध्ये राणी मारियांच्या धाकट्या बहिणीने, त्याही सिस्टरच, त्याला राखी बांधली. कुटुंबाने माफ केल्यावर २००६ मध्ये त्याची सुटका झाली. तो ख्रिस्ती नसल्याने हा संस्कार त्याला लागू नव्हता; पण अनुताप, उघड कबुली आणि बदललेले वर्तन ही अंगे येथे स्पष्ट दिसतात, म्हणून या घटनेची नोंद येथे अगत्याची आहे. राणी मारिया यांना ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले.