'ग्लॅमर'चं मूळ व्याकरणात

सिनेमाच्या पुरवण्यांत भेटणारा 'ग्लॅमर' हा शब्द मूळचा स्कॉटलंडमधल्या स्कॉट्स भाषेतला. तिथे त्याचा अर्थ सौंदर्य नव्हता, नजरबंदी होता. वस्तू असते एक, दिसते दुसरीच. क्रियापदही ठरलेलं होतं: ग्लॅमर 'टाकायचं', आणि तेही बघणाऱ्याच्या डोळ्यांवर. स्कॉटिश कवी ॲलन रॅमझीने १७२१च्या कवितासंग्रहाला जोडलेल्या शब्दसूचीत नेमका हाच अर्थ दिला आहे.

शब्द आला 'ग्रामर'वरून. ग्रीकमध्ये 'ग्रामा' म्हणजे अक्षर. मध्ययुगीन युरोपात ग्रामर म्हणजे लॅटिनचं, पर्यायाने सगळंच पोथीतलं ज्ञान. त्यात ज्योतिषही आलं. निरक्षर माणसाला वाटे, एवढ्या पोथ्या वाचणाऱ्याला मंत्रही येत असणार. फ्रेंचमध्ये याच मुळातून 'ग्रिमवार', म्हणजे मंत्रतंत्राची पोथी, हा शब्द झाला.

स्कॉट्समध्ये दोन 'र'पैकी पहिल्याचा 'ल' झाला. सारखे ध्वनी जवळजवळ आले की जीभ अडखळते आणि त्यातला एक बदलते. लॅटिन 'पेरेग्रिनुस'चा इंग्रजीत 'पिल्ग्रिम' झाला तो असाच. संस्कृत 'लांगल'मधल्या पहिल्या 'ल'चा 'न' होऊन आपला 'नांगर' झाला, तोही याच ओढीने.

स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सने १७८९च्या एका कवितेत 'ग्लॅमर' आणि 'ग्रामर' यांचं यमक जुळवलं आहे, आणि तिथलं ग्रामर नरकातलं, काळं आहे! दोन्ही भावंडं इतकी जवळ क्वचितच सापडतात.

जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेत, दृष्टिभ्रमासाठी 'ग्लामसिनी' असा शब्द आहे. काहींना मूळ तिथे दिसतं. अर्थ जुळतो खरा, पण शेवटच्या 'र'चा उलगडा त्यातून होत नाही. त्यामुळे ग्रामरची बाजू अधिक भक्कम आहे.

इंग्रजीत शब्द रुळला तो स्कॉटिश कवी-कादंबरीकार वॉल्टर स्कॉटमुळे. १८०५च्या त्याच्या दीर्घकाव्यात या जादूने कोळिष्टकं भिंतीवरच्या भरजरी पडद्यांसारखी दिसतात आणि म्हातारपण तारुण्यासारखं. मोहकतेचा अर्थ १८४०च्या सुमारास आला, हॉलिवूडची झळाळी त्याहून बरीच नंतर.

म्हणून जुनी स्कॉटिश लोकगीतं मराठीत आणताना 'ग्लॅमर'साठी 'मोहिनी' किंवा 'आकर्षण' लिहिलं की कडव्याचा अर्थच बिघडतो: फसलेले डोळे बाजूला राहतात आणि भाळलेलं मन पुढे येतं. तिथे 'नजरबंदी' किंवा 'गारूड' हेच शब्द हवेत.