बेनिनची धातुशिल्पे व संग्रहालये

बेनिनची धातुशिल्पे व संग्रहालये : आजच्या नायजेरियाच्या दक्षिण भागात एडो लोकांचे बेनिन हे राज्य होते. तेथील राजवाड्यासाठी साधारणपणे पंधराव्या-सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत घडवलेले उठावाचे धातुफलक, पूर्वजांची शीर्षे, घंटा, प्राणिशिल्पे आणि हस्तिदंती कोरीवकाम यांचा समुदाय ‘बेनिन ब्राँझ’ या नावाने जगभर ओळखला जातो. नाव रूढ झालेले असले तरी यातील बहुतेक धातुवस्तू कांशाच्या नसून शिसेमिश्रित पितळेच्या आहेत. पश्चिमेकडील बेनिन प्रजासत्ताकाशीही त्यांचा संबंध नाही. पूर्वीच्या दाहोमी देशाने ते नाव १९७५ मध्ये घेतले. आफ्रिकी कलेकडे संग्रहालयांनी आणि प्रेक्षकांनी गेल्या सव्वाशे वर्षांत कसकसे पाहिले, हे समजून घेण्यासाठी या वस्तूंइतके बोलके दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल, कारण लूट, नमुना, कलाकृती, पुरावा आणि वारसा अशी सगळी लेबले त्यांना पाळीपाळीने लागली आहेत.

बेनिनचा राजा ‘ओबा’ म्हणून ओळखला जातो. ओतकामाचा हक्क पिढीजात होता आणि तो ‘इगुन एरोनम्वोन’ या ओतारी संघाकडे होता. हस्तिदंत व लाकूड कोरणाऱ्यांचा ‘इग्बेसानम्वान’ हा संघ वेगळा. दोन्ही संघ राजाच्या आज्ञेने काम करीत. ओबा ओगुओला याने इफे या नगरातून इगुएघा नावाचा ओतारी आणवला आणि त्याच्यापासून ही विद्या बेनिनमध्ये रुजली, अशी परंपरा आहे. मातीच्या गाभ्यावर मेणाचा थर चढवून त्यात आकृतीचे सगळे बारकावे कोरायचे, त्यावर पुन्हा मातीचे लेप द्यायचे, साचा तापवून मेण वाहून जाऊ द्यायचे आणि मोकळ्या झालेल्या पोकळीत वितळलेले पितळ ओतायचे, अशी ही पद्धत आहे. साचा फोडल्याशिवाय वस्तू बाहेर येत नाही, त्यामुळे प्रत्येक वस्तू एकदाच घडते. पुढे ब्रिटिश म्युझियमने काही फलक विकले त्या काळात ‘एकाच नमुन्याच्या प्रती’ असा जो युक्तिवाद करण्यात आला, तो तपासताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

पितळेचा मोठा भाग ‘मानिला’ नावाच्या कड्यांच्या रूपाने पोर्तुगीज व्यापाऱ्यांमार्फत आला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज बेनिनला पोहोचले आणि मिरी, हस्तिदंत, कापड व गुलाम यांच्या बदल्यात ते ही कडी देऊ लागले. या कड्यांचे धातू जर्मनीतील ऱ्हाइनलँड भागातल्या खनिजांशी जुळतात, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रासायनिक विश्लेषणातून दिसून आले. गुलामांच्या वंशजांची बाजू मांडणारी अमेरिकेतील काही मंडळी आज या वस्तूंवर आपलाही हक्क सांगतात. त्यामागे मानिलांचा हा इतिहास आहे, आणि लुटून नेलेल्या या वस्तू परत करण्याच्या चर्चेत तो बहुधा बाजूला पडतो.

धातुफलक हे बेनिनच्या कलेतील सर्वांत विपुल आणि सर्वाधिक गैरसमज झालेले अंग होय. सुमारे अर्धा मीटर उंचीचे हे फलक राजवाड्याच्या दालनांतील लाकडी खांबांवर ठोकलेले असत. कित्येकांच्या कडांना खिळ्यांची भोके आजही दिसतात. डच लेखक ओल्फर्ट डाप्पर याने १६६८ मध्ये, स्वतः आफ्रिकेत न जाता इतरांच्या माहितीवरून, या खांबांचे वर्णन केले असून त्यांवर युद्धप्रसंग व पराक्रम चितारलेले होते असे नोंदवले आहे. बहुतेक फलक सोळाव्या-सतराव्या शतकांतील आहेत. पुढे ते खांबांवरून उतरवले गेले आणि १८९७ मध्ये ब्रिटिश सैनिकांना राजवाड्याच्या एका कोठारात धुळीने माखलेल्या स्थितीत सापडले. याचा अर्थ ते टाकून दिलेले होते असा नाही. राजदरबारातील पोशाख, आयुधे आणि विधी यांची शंका आली तर पाहण्यासाठी ठेवलेले ते एक दप्तर होते, असे मानण्यास जागा आहे.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील एका फलकावर ओबा घोड्यावर एका अंगाने बसलेला आहे. दोन सेवकांनी त्याचे हात आधारासाठी धरले आहेत, आणखी दोघांनी ऊन लागू नये म्हणून त्याच्या डोक्यावर ढाली धरल्या आहेत, आणि सर्वांत खालच्या दर्जाचे सेवक अगदी लहान, जवळजवळ बाहुल्यांएवढे दाखवले आहेत. उंची येथे अंतर सांगत नाही, मान सांगते. डोळ्यांना यथादर्शनाची, म्हणजे जवळचे मोठे व लांबचे लहान दाखवण्याच्या पद्धतीची, सवय झालेल्या प्रेक्षकाला हा कारागिराचा अडाणीपणा वाटू शकतो, आणि एके काळी तसा तो वाटलाही. आकृतींच्या मागची रिकामी जागा चार पाकळ्यांच्या पानांनी भरलेली आहे. ही पाने नदीकाठची असून जल आणि संपत्ती यांची देवता ओलोकुन हिच्या उपासनेत त्यांना स्थान आहे. म्हणजे राजाची मिरवणूक जमिनीवर चाललेली दिसली तरी तिच्यामागे पाणी आहे.

हेच पाणी राणीमाता इदिया हिच्या हस्तिदंती मुखवट्यातही आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी ओबा एसिगी याने आपल्या आईसाठी ‘इयोबा’ हे राणीमातेचे पद निर्माण केले. युद्धात तिच्या सल्ल्याचा आणि मंत्रशक्तीचा त्याला आधार होता असे सांगितले जाते. जेमतेम वीतभर उंचीचा हा मुखवटा तोंडावर बांधण्याचा नसून विधीच्या वेळी राजा तो अंगावर, बहुधा कमरेला, बाळगत असे. कपाळावर लोखंडाच्या दोन उभ्या पट्ट्या जडवलेल्या होत्या. मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील मुखवट्याच्या मुकुटावर चिखलातला मासा आणि दाढीवाला पोर्तुगीज यांची तोंडे आळीपाळीने कोरलेली आहेत. चिखलातला मासा पाण्यात राहतो आणि जमिनीवरही तग धरतो, म्हणून तो मानव व देव यांच्या सीमेवर उभ्या असलेल्या राजाचे चिन्ह ठरला. पोर्तुगीज समुद्रातून आले, म्हणजे ओलोकुनच्या राज्यातून संपत्ती घेऊन आले. परक्याला आपल्या विश्वरचनेत एवढ्या सहजपणे बसवणारी ही कल्पकता पाहिली, की याच कलेचे मूळ युरोपात किंवा इजिप्तमध्ये शोधण्याची पुढे झालेली धडपड काहीशी हास्यास्पद वाटते.

पूर्वजांची शीर्षे ही तिसरी महत्त्वाची जात. नवा ओबा गादीवर आला की तो वडिलांच्या नावाची वेदी उभारी आणि तिच्यावर पितळी शीर्षे, घंटा व दंड मांडी. शीर्षाच्या माथ्यावरील भोकात कोरीव हस्तिदंत उभा केला जाई. महाराष्ट्रातील देवघरात पूर्वजांचे टाक मांडतात त्याच्या जवळ जाणारी ही कल्पना आहे, मात्र येथे घराच्या जागी संपूर्ण राज्य होते. संग्रहालयात शीर्ष एका काचेच्या पेटीत आणि हस्तिदंत दुसऱ्या दालनात असतो. पाहणारा शीर्षाला व्यक्तिचित्र समजतो आणि हस्तिदंताला नक्षीकाम, कारण वेदी कोणी दाखवलेलीच नसते.

या वस्तू युरोपात पोहोचल्या त्या १८९७ च्या लष्करी मोहिमेतून. नायजर किनारा संरक्षित प्रदेशाचा हंगामी महावाणिज्यदूत जेम्स फिलिप्स याने नोव्हेंबर १८९६ मध्येच ओबाला पदच्युत करण्याची परवानगी लंडनकडे मागितली होती आणि राजवाड्यातील हस्तिदंतातून खर्च भरून निघेल अशी आशाही त्याच पत्रात व्यक्त केली होती. जानेवारीत, ओबा परक्यांना भेटत नाही अशा विधिकाळात, तो मनाई धुडकावून निघाला आणि वाटेत तो व त्याचे बहुतेक साथीदार मारले गेले. फेब्रुवारीत रिअर अ‍ॅडमिरल हॅरी रॉसन याच्या नेतृत्वाखालील फौजेने बेनिन नगर घेतले. राजवाडा लुटला गेला आणि नगराला आग लागली. ओबा ओव्होनरामवेन याला कालाबारला हद्दपार करण्यात आले व तेथेच १९१४ मध्ये त्याचे निधन झाले. काही वस्तू अधिकाऱ्यांनी वाटून घेतल्या, काही सरकारने खर्चापोटी विकल्या आणि व्यापाऱ्यांच्या हातून त्या युरोप-अमेरिकेत पांगल्या. कोणती वस्तू कोणत्या वेदीवर होती, कोणता फलक कोणत्या खांबावर शोभत होता, याची नोंद कोणी केली नाही. इमारतीच्या नुकसानीपेक्षा हे नुकसान मोठे आहे, कारण ते आता भरून येण्यासारखे नाही.

त्याच वर्षी ब्रिटिश म्युझियममध्ये सुमारे तीनशे फलकांचे प्रदर्शन भरले. तेव्हाच्या वृत्तपत्रांनी बेनिनला नरबळींचे नगर म्हणून रंगवले होते, आणि ‘रानटी’ ठरवलेल्या लोकांच्या हातून असे कसलेले ओतकाम झाले कसे, हा प्रश्न तज्ज्ञांनाही सुटेना. त्यामुळे हे कौशल्य पोर्तुगीजांकडून किंवा इजिप्तकडून आले असावे असे तर्क मांडले गेले. बर्लिनच्या मानवजातिविज्ञान संग्रहालयातील फेलिक्स फोन लुशान याने मात्र १९०१ मध्ये या ओतकामाची बरोबरी फ्लॉरेन्सचा सोळाव्या शतकातील नामवंत शिल्पकार चेल्लिनी याच्या कामाशी केली. बर्लिनसाठी त्याने शेकडो वस्तू विकत घेतल्या आणि १९१९ मध्ये त्यांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. हा गौरव खरा होता, पण मोजपट्टी फ्लॉरेन्सचीच होती. शिवाय या वस्तू कलासंग्रहालयात न जाता मानवजातिविज्ञानाच्या संग्रहालयांत गेल्या. कारागिराच्या जागी जमातीचे नाव लिहिण्याची तेथील रीत असल्याने, पिढ्यान्‌पिढ्या ओळखले जाणारे ओतारी संघही लेबलवर आले नाहीत.

पॅरिसच्या चित्रकारांनी १९०७ च्या सुमारास आफ्रिकी मुखवटे ‘शोधले’ तेव्हा बेनिन त्यांच्या नजरेत फारसे भरले नाही. त्यांना हवी होती ती मोडतोड केलेली, रांगडी, उत्स्फूर्त वाटणारी लाकडी शिल्पे. दरबारी शिस्तीचे, गुळगुळीत, इतिहास सांगणारे पितळ त्यांच्या ‘आदिम’ या चौकटीत बसत नव्हते. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९८४ मध्ये आदिमतावादावर प्रदर्शन भरवले, तेव्हाही आफ्रिकी वस्तू मुख्यतः आधुनिक चित्रांशेजारी साम्य दाखवण्यासाठी मांडल्या गेल्या आणि त्या मांडणीवर कडाडून टीका झाली. त्यानंतर चारच वर्षांनी सुझन व्होगेल यांनी त्याच शहरातील ‘आर्ट/आर्टिफॅक्ट’ या प्रदर्शनात मध्य आफ्रिकेतील झांडे लोकांचे शिकारीचे साधे जाळे गुंडाळून, पांढऱ्या दालनात एखाद्या समकालीन शिल्पासारखे ठेवले. पाहणाऱ्यांची फसगत झाली आणि तोच हेतू होता. वस्तू बदलली नव्हती. प्रकाशझोत, रिकामी जागा आणि लेबल यांनी तिला कला बनवले होते.

बेनिनच्या बाबतीत मांडणीचा हा परिणाम केवळ तात्त्विक राहिला नाही. ब्रिटिश म्युझियमने १९५० पासून पुढच्या दोन दशकांत तीसहून अधिक वस्तू, प्रामुख्याने फलक, ‘दुबार’ ठरवून विकल्या किंवा अदलाबदलीत दिल्या. त्यांतील काही वसाहतकालीन नायजेरियाने लागोसमधील नियोजित संग्रहालयासाठी विकत घेतल्या. पुढील अभ्यासातून असे लक्षात आले की अनेक फलक जोड्यांनी घडवले गेले होते आणि राजवाड्यात ते तसेच लावले जात. जुळे म्हणून जे केले होते तेच जास्तीचे ठरवून जोड्या फोडल्या गेल्या. राजवाड्याचा विचार करण्याऐवजी कपाटाचा विचार केला की काय होते, ते येथे दिसते. पुढे लंडनच्या आफ्रिका दालनात हे फलक उभ्या धातुदांड्यांवर ओळीने, हवेत तरंगल्यासारखे मांडण्यात आले. खांबांची आठवण त्यातून नक्कीच होते. पण कोणाशेजारी कोण होते हा प्रश्न त्या मांडणीलाही सोडवता आलेला नाही.

परतीची मागणी नवी नाही. लागोस येथे १९७७ मध्ये भरलेल्या कृष्णवर्णीयांच्या जागतिक कलामहोत्सवाचे बोधचिन्ह इदियाचा लंडनमधील दुसरा मुखवटा होते. मूळ मुखवटा ब्रिटिश म्युझियमने उसना देण्यास नकार दिला आणि नायजेरियाला प्रतिकृतीवर भागवावे लागले. गेल्या काही वर्षांत मात्र चित्र बदलले. केंब्रिजच्या जीझस कॉलेजने पितळी कोंबडा आणि अ‍ॅबरडीन विद्यापीठाने एक शीर्ष २०२१ मध्ये परत केले. जर्मनीने २०२२ मध्ये मालकी हस्तांतराचा करार केला, त्यानुसार बर्लिनने ५१२ वस्तूंची मालकी सोडली आणि त्यांतील काही उसन्या म्हणून तेथेच ठेवल्या. नेदरलँड्सने २०२५ मध्ये ११९ वस्तू परत केल्या. ब्रिटिश म्युझियमच्या ताब्यात अजूनही नऊशेहून अधिक वस्तू आहेत आणि संग्रहातील वस्तू देऊन टाकण्यावर बंधन घालणाऱ्या १९६३ च्या कायद्याने आपले हात बांधलेले आहेत, अशी त्याची भूमिका आहे. ‘डिजिटल बेनिन’ हा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला आणि त्याने २० देशांतील १३१ संस्थांमधल्या पाच हजारांहून अधिक वस्तू एका यादीत आणल्या. निदान पडद्यावर तरी फुटलेल्या जोड्या आता शेजारी ठेवून पाहता येतात.

मायदेशीही या वस्तू कोणाच्या, यावर एकमत झालेले नाही. मार्च २०२३ मध्ये नायजेरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी अधिसूचना काढून परत येणाऱ्या वस्तूंची मालकी ओबाकडे असल्याचे जाहीर केले. राष्ट्राला दिलेली ठेव एका राजघराण्याकडे का जावी, असा सूर त्यामुळे काही युरोपीय वर्तुळांत उमटला. मुळात ती राजवाड्यातूनच नेलेली होती, हे उत्तर बेनिनमधून आले. तेथे उभारलेल्या पश्चिम आफ्रिकी कला संग्रहालयाशी राजघराण्याचे पटलेले नाही, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या उद्‌घाटनपूर्व कार्यक्रमात निदर्शक घुसल्याने तो थांबवावा लागला.

दरम्यान बेनिन नगरातील इगुन रस्त्यावर ओतकाम चालूच आहे; ओतारी संघातील घराणी पूर्वजांच्या पद्धतीने शीर्षे आणि फलक घडवतात, राजवाड्यासाठीही आणि पर्यटकांसाठीही. तेथील ‘अहियाम्वेन’ या कलावंतांच्या गटाने २०२१ मध्ये, लुटीच्या वस्तू परत मिळाव्यात आणि त्यांच्या बदल्यात आपण घडवलेल्या नव्या कलाकृती स्वीकाराव्यात, असा प्रस्ताव ब्रिटिश म्युझियमपुढे ठेवला. बेनिनची कला १८९७ मध्ये संपली असे काचेच्या पेट्या सुचवतात, ते आपल्याला मान्य नाही, हे त्यांनी या मार्गाने सांगितले.