सिरॅमिक तंतूंचे उच्च तापमानातील बल

धातूला बळकटी देण्यासाठी त्यात बसविलेले ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइड), सिलिकॉन कार्बाइड इ. तंतू तापलेल्या अवस्थेत तुटेपर्यंत जो ताण सोसतात, तो. तापमानासोबत तंतूची लांबी, भाराचा कालावधी व भोवतालचा वायू यांवरही तो अवलंबून असतो.

सोलापुरात चादरी-टॉवेलचे सूत तपासणाऱ्यांना हे बल मोजण्यातील मूळ अडचण, म्हणजे सर्व तंतू सारखे बळकट नसणे, परिचयाची आहे. ली (सुताची ठरावीक लांबीची लड) चाचणीत दीड वार घेराच्या रिळावर ८० फेरे घेऊन १२० वार सुताची लड ओढतात. तीत १६० पदर एकदम ताणले जातात. पण लडीचे बल एका पदराच्या १६० पट भरत नाही. कमजोर पदर आधी तुटतात व त्यांचा भार उरलेल्यांवर येतो. सिरॅमिक तंतूंच्या जुडग्यातही हेच घडते.

लांबी वाढली की बल का घटते, या विवेचनाचे मूळ वादग्रस्त आहे. लिओनार्दो दा व्हिंची याच्या टिपणांत (सु. १५००) लांब लोखंडी तार आखूड तारेहून कमजोर असल्याचा मजकूर आढळतो. काही अभ्यासक तो लेखनदोष मानतात. त्या काळच्या सदोष तारेत तसे घडणे स्वाभाविक होते, हे दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. अभियांत्रिकी ग्रंथ बहुधा स्वीडिश अभियंते वालोडी वायबुल (१९३९) यांच्यापासून सुरुवात करतात. मात्र वस्त्रतंतूंचे अभ्यासक एफ. टी. पीअर्स यांनी सर्वांत कमजोर दुव्याचे गणित (तंतू जितका लांब, तितका त्यात मोठा दोष असण्याचा संभव अधिक, आणि तेथेच तो तुटतो) १९२६ मध्येच कापसाच्या सुतासाठी मांडले होते. निदान तंतूंपुरता अग्रमान त्यांना द्यावा लागेल. वायबुल घातांक (बलातील तफावतीचे मापक; तो जितका लहान, तितकी तफावत जास्त) ५ असलेल्या तंतूची लांबी २५ मिमी.वरून २५० मिमी. केल्यास सरासरी बल सु. ३७ टक्क्यांनी उतरते. भट्टीत अडचण आणखी वाढते : चिमटे बाहेर गार ठेवल्यास तंतूचा मधला भागच पुरता तापतो आणि हिशेबात कोणती लांबी धरावी हे संदिग्ध राहते.

सेइशी याजिमा यांनी १९७५ च्या सुमारास जपानमध्ये पॉलिकार्बोसिलेन या सिलिकॉन-कार्बनयुक्त बहुवारिकापासून विकसित केलेल्या सिलिकॉन कार्बाइड तंतूतून (निकॅलॉन) साधारण १,२००° से.पुढे सिलिकॉन मोनॉक्साइड व कार्बन मोनॉक्साइड निसटतात, स्फटिककण वाढतात व बल घसरते. ॲल्युमिना तंतूचे हवेत ऑक्सिडीभवन होत नाही, परंतु सु. १,०००° से.पासून तो भाराखाली हळूहळू लांबू लागतो.

ॲल्युमिनियम ६६०° से.ला वितळते, त्यामुळे तेथे तंतूला खरा धोका वापरापेक्षा घडणीच्या वेळी असतो. वितळलेला धातू सिलिकॉन कार्बाइडशी विक्रिया करून ॲल्युमिनियम कार्बाइड बनवितो व ते दमट हवेत विघटित होते. मिश्रधातूत पुरेसे सिलिकॉन असल्यास ही विक्रिया आटोक्यात राहते. टायटॅनियमसाठी सु. १४० मायक्रोमीटर व्यासाचे, कार्बनयुक्त लेपाचे सिलिकॉन कार्बाइड तंतू वापरतात. निकेल मिश्रधातूंत विक्रिया तीव्र असल्याने असा वापर फारसा झालेला नाही.