सिंग-अलाँग की कराओके? मुलांच्या गाण्यांच्या संग्रहातला फरक

कार्टूनपटांतल्या गाण्यांचे मुलांसाठीचे संग्रह विकताना ‘सिंग-अलाँग’ आणि ‘कराओके’ ही दोन नावं सर्रास अदलून-बदलून वापरली जातात. दोन्हींत पडद्यावर गाण्याचे शब्द उमटतात, म्हणून नुसतं पाहून फरक कळत नाही. तो कानाला कळतो. सिंग-अलाँगमध्ये मूळ गायकाचा आवाज शाबूत असतो आणि मूल त्याच्या जोडीने गातं. कराओकेत तो आवाज काढलेला असतो, गाणं मुलाला एकट्याने पेलायचं असतं. अक्षरं नुकती ओळखू लागलेल्या मुलाच्या हाती कराओके दिलं, तर दोन ओळींत ते गप्प होतं. चाल पाठ नाही, वाचनाला वेग नाही आणि धरून चालायला आवाजही नाही. त्यामुळे सहा-सात वर्षांखालच्या मुलांसाठी आमची शिफारस निःसंशय सिंग-अलाँगचीच.

या प्रकाराचा सर्वांत ठळक नमुना म्हणजे 1986मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ‘डिस्ने सिंग-अलाँग साँग्ज’ ही व्हीएचएस (व्हिडिओ कॅसेट) मालिका. चित्रपटातला गाण्याचा तुकडा, त्यावर खाली शब्द, आणि चालू शब्दावर उड्या मारणारं मिकीच्या डोक्याचं चिन्ह अशी तिची मांडणी. गाण्यांच्या मध्ये प्रोफेसर आउल, जिमिनी क्रिकेट किंवा लुडविग फॉन ड्रेक यांच्यासारखं एखादं पात्र सूत्रधार म्हणून येतं. त्यातला प्रोफेसर आउल हा घुबड मास्तर 1953च्या संगीतविषयक लघुपटांमधून घेतलेला आहे. सगळ्याच कॅसेट अॅनिमेशनच्या मात्र नाहीत. 1990ची ‘डिस्नेलँड फन’ प्रत्यक्ष उद्यानात चित्रित झाली होती. कार्टूनच हवं असेल तर मुखपृष्ठावरच्या चित्रावर न जाता मागची गाण्यांची यादी वाचावी.

उड्या मारणाऱ्या चिन्हाची कल्पना त्याहून जुनी. अमेरिकी कार्टूनपटकार मॅक्स फ्लायशर यांच्या स्टुडिओने 1920च्या दशकात चित्रपटगृहातल्या प्रेक्षकांना गायला लावणारे छोटे कार्टूनपट काढले, त्यांत शब्दांवर पांढरा चेंडू उडत असे. चेंडूने प्रत्येक शब्दाचा ठेका दाखवायचा आणि गाण्याची जबाबदारी एका माणसावर न टाकता सगळ्यांवर ठेवायची, ही सिंग-अलाँगची मूळ वृत्ती तिथली.

कराओकेची अडचण आवाज काढण्यात आहे. सर्वांत स्वच्छ मार्ग म्हणजे निर्मात्याकडचा वेगळा वाद्यमेळ वापरणं, किंवा वाद्यमेळ नव्याने वाजवून घेणं. स्वस्त मार्ग असा: स्टिरिओतला एक चॅनल उलटा करून दुसऱ्यात मिसळायचा. गायकाचा आवाज बहुधा दोन्हीकडे सारखा असतो, म्हणून तो कटतो. पण मधोमध ठेवलेला बास आणि मोठा ढोलही त्याच्याबरोबर जातो, आवाजावर चढवलेला प्रतिध्वनी मागे भुतासारखा उरतो, आणि हाती येतं ते मोनो, म्हणजे एकाच चॅनलचं गाणं. 1937च्या ‘स्नो व्हाइट’सारख्या जुन्या चित्रपटांची मूळ ध्वनिपट्टीच मोनो. तिथे दोन्ही चॅनल एकच असल्यामुळे वजाबाकीनंतर जवळजवळ शांतताच राहते. 2019मध्ये डीझर कंपनीने खुलं केलेलं, गाण्यातून आवाज वेगळा काढणारं ‘स्प्लीटर’ आणि त्यानंतरची साधनं मोनोवरही चालतात. मात्र स्प्लीटरला मुख्य गायक आणि मागचा कोरस यांत भेद करता येत नाही, आणि कार्टूनपटांतल्या गाण्यांचा अर्धा जीव त्या कोरसमध्येच असतो.

कराओकेच्या ‘सीडी प्लस जी’ तबकडीचा एक धोका ओळखून ठेवा. शब्दांची चित्रं तबकडीच्या उपसंकेतांत, म्हणजे आवाजाशेजारी साठवलेल्या जादा माहितीत, लपलेली असतात. साध्या सीडी प्लेयरवर नुसते सूर ऐकू येतात, आणि नेहमीच्या पद्धतीने एमपी3 केलं की शब्द कायमचे गळतात.

जुन्या कॅसेट परदेशातून मागवणार असाल तर आधी टीव्हीची पद्धत तपासा. अमेरिकन कॅसेट एनटीएससी, म्हणजे 525 रेषांची. आपल्याकडचे जुने व्हीसीआर पाल, म्हणजे 625 रेषांचे. फक्त पाल चालवणाऱ्या यंत्रावर अमेरिकन चित्र लोळतं किंवा रंग जातो. डीव्हीडीला प्रदेश क्रमांक असतो: अमेरिका 1, भारत 5. आणखी एक बाब गाणाऱ्यांनाच खटकते. सेकंदाला 24 चौकटींचा (फ्रेमचा) चित्रपट पालसाठी 25 चौकटींनी पळवला की गाणं सुमारे 4 टक्के वेगाने धावतं आणि पेटीच्या एका पट्टीच्या साधारण 70 टक्के वर चढतं. काळी एकचं गाणं काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्ये लटकतं. मग पेटी कोणत्याच पट्टीत जुळत नाही, आणि दोष मुलाच्या कानाला दिला जातो.

शब्दांचा रंग बदलतो म्हणून ते कराओकेच, हा समज मात्र चुकीचा. अहमदाबादच्या आयआयएममध्ये ब्रिज कोठारी यांनी पुढे नेलेला गाण्याच्याच भाषेतल्या उपशीर्षकांचा प्रयोग पाहा. दूरदर्शनच्या ‘चित्रहार’ आणि ‘रंगोली’त गाण्याबरोबर शब्द रंगत जात, पण गायकाचा आवाज पूर्ण होता. दिसायला कराओके, स्वभावाने सिंग-अलाँग, आणि हेतू थेट वाचनाचा. ऐकू येणारा शब्द त्याच क्षणी डोळ्यांसमोर आला की अक्षर आणि ध्वनी यांची गाठ बसते. आवाज काढला की ती गाठच सुटते.

मराठी गाण्यांचं सिंग-अलाँग घरी करायचं असेल, तर ‘एजिसब’ या मोफत साधनात प्रत्येक तुकड्याला सेकंदाच्या शंभराव्या भागात वेळ देता येतो. चूक होते ती तुकडे पाडताना. ‘सर्व’ हा शब्द उच्चारात सर्-व असा फुटतो, पण खूण र् आणि व यांच्या मध्ये घातली की रफार नाहीसा होऊन पाय मोडलेला र् दिसतो. म्हणून लिहिलेल्या अक्षरावर तोडा: स, र्व. ‘जगण्यात’चे तुकडे ज, ग, ण्यात, शेवटच्या त ला स्वतःचा ठोका नाही. तसंच ‘पाऊस’चे दोनच: पा, ऊस. रंग डावीकडून सरकवण्याऐवजी पूर्ण तुकडा एकदम उजळणारा पर्याय निवडा. सरकत्या रंगात ‘वि’ची वेलांटी व च्या आधी रंगते, आणि शिकणारं मूल नेमकं तिथेच गोंधळतं.

एका वेळी दोनच ओळी ठेवा आणि ओळ गाण्याच्या साधारण एक सेकंद आधी पडद्यावर आणा. अक्षरं पांढरी, काळ्या काठाची, उजळल्यावर पिवळी. तपासणी तारेच्या स्पीकरवर करा. ब्लूटूथचा आवाज बरेचदा थोडा उशिरा पोचतो, आणि तो ऐकून वेळा दुरुस्त केल्या तर इतर प्रत्येक टीव्हीवर शब्द मागे पडतात.