अंदमानला जाताय, पण कुठल्या नावाच्या?

सांबऱ्याहून, म्हणजे आपल्या बेळगावच्या विमानतळावरनं, अंदमानला थेट विमान नाही, बेंगळूर नाहीतर चेन्नई गाठून पुढं जायचं, हे आता सगळ्यांना पाठ झालंय. घोळ होतो तो नावांचा. ट्रिपच्या एकाच कागदावर पोर्ट ब्लेअर, श्री विजयपुरम, हॅवलॉक, स्वराज द्वीप असं सगळं मिसळून येतं आणि घरातली मोठी माणसं विचारालेत, ही चार ठिकाणं की दोन? दोनच, पोर्ट ब्लेअर म्हणजेच श्री विजयपुरम आणि हॅवलॉक म्हणजेच स्वराज द्वीप.

पोर्ट ब्लेअरच्या सेल्युलर जेलचं फार सांगत नाही, काळं पाणी म्हटलं की आपल्याकडच्या शाळकरी पोरालाही सावरकर आठवतात, 1911 ते 1921 ते तिथं होते. (याच सावरकरांना 1950 मध्ये आपल्या हिंडलग्याच्या जेलात ठेवलं होतं, ते पण स्वतंत्र भारतात, हे मात्र गावातल्याच कितीतरी जणांना माहीत नसतं.) कैदी तिथं 1858 पासूनच न्यायला लागले होते, जेल बांधून झालं 1906 ला. सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या सात विंग होत्या, आता तीनच उभ्या आहेत, पाडलेल्या जागेत सरकारी दवाखाना झालाय. गेलात तर खोलीच्या दाराची कडी नीट बघा. कडी दारावर नाही, लांब दांडा काढून बाजूच्या भिंतीतल्या कोनाड्यात नेलीय, गजातनं हात घातला तरी पोचू नये म्हणून.

आता नावांचं. ब्लेअर हा कंपनी सरकारचा सर्वे करणारा नाविक अधिकारी, 1789 ला त्यानं तिथं पहिली वसाहत टाकली, ती काही वर्षांतच मोडली, पण पुढं त्या जागेला त्याचंच नाव मिळालं. हॅवलॉक आणि नील या बेटांच्या नावांचं वेगळं. हे दोघं 1857 चं बंड चिरडणारे लष्करी अधिकारी, म्हणजे बंडातले कैदी जिथं नेऊन टाकले तिथल्याच बेटांना बंड मोडणाऱ्यांची नावं. ती पुसली याचं मला तरी काही वाईट वाटत नाही.

पण पुसून लिहिलं काय ते बघा. जपान्यांनी 1942 ला बेटं घेतली, पुढं 30 डिसेंबर 1943 ला सुभाषबाबूंनी पोर्ट ब्लेअरमध्ये तिरंगा फडकवला आणि नावं दिली ती अख्ख्या अंदमानला शहीद आणि अख्ख्या निकोबारला स्वराज. बरोबर 75 वर्षांनी, 30 डिसेंबर 2018 ला, सरकारनं तीच नावं उचलून नीलला शहीद द्वीप आणि हॅवलॉकला स्वराज द्वीप केलं. ही दोन्ही बेटं अंदमानातलीच! म्हणजे निकोबारचं स्वराज अंदमानातल्या एका बेटावर येऊन बसलं, आणि खुद्द निकोबारला आपल्यासारख्या टुरिस्टला साधारणपणे जाताच येत नाही. रॉस बेटाला त्याच दिवशी सुभाषबाबूंचंच नाव दिलं ते एक समजू शकतो. मग सप्टेंबर 2024 ला पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं, कारण सांगितलं ते स्वातंत्र्यलढ्यातला विजय आणि चोळांचं आरमार, पण श्रीविजय हे तर सुमात्राकडचं राज्य, ज्याच्यावर चोळांनीच 1025 च्या सुमारास स्वारी केली होती! विमानतळाचा कोड मात्र अजून आयएक्सझेडच आहे, जसा आपल्या सांबऱ्याचा आयएक्सजी. 1 नोव्हेंबर 2014 ला बेळगावची बेळगावी झाली तेव्हापासून पाटी एक आणि तोंडात दुसरं हे आपल्याला काय नवीन नाही, तारीखही नेमकी कर्नाटक राज्योत्सवाचीच निवडली, ते इकडं कुणाला सांगायला नको.

मजा म्हणजे बीचवर गेलात की ही साहेबी नावंही नाहीत आणि सरकारी पण नाहीत. फाळणीनंतर पूर्व बंगालमधनं आलेल्या निर्वासितांना या बेटांवर जमिनी दिल्या, त्यांनी जंगल तोडून गावं वसवली, म्हणून नीलवर भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर आणि हॅवलॉकवर राधानगर, गोविंदनगर. राधानगरला बीच नंबर सात पण म्हणतात. तिथली मच्छी आणि भात खाताना समोरचा माणूस बंगाली बोलतो, तुमच्याशी हिंदी, आणि आजोबा कुठनं आले विचारलं तर बरिसाल किंवा खुलना सांगतो.

अजून एक, हे खास आपल्या लोकांसाठी. पुणे-बेंगळूर हायवेला आपण अजून एनएच फोरच म्हणतो, पण 2010 ला नंबर बदलले तेव्हा तो 48 झाला आणि 4 नंबर गेला अंदमानच्या ट्रंक रोडला. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा बघायला याच रोडनं जायचं, तो जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातनं जातो. 2002 ला सुप्रीम कोर्टानं त्या जंगलातला भाग बंद करा म्हणून सांगितलं होतं, अजून चालूच आहे. जिरकाटांगच्या गेटवर पहाटे गाड्यांची रांग लागते, ठरलेल्या वेळी ताफा सोडतात, मध्ये थांबायचं नाही, काच खाली करायची नाही, फोटो तर अजिबातच नाही.