मेंदूची सूज उतरवणारे इंजेक्शन

चोपडा-शिरपूर पट्ट्यात मोटारसायकलवरून पडलेल्या माणसाला दवाखान्यात नेले की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, शुद्धीवर कधी येईल? आणि लगेच दुसरा: "डॉक्टर, सूज उतरवायचे इंजेक्शन दिले ना?" या दुसऱ्या प्रश्नामागे साठ वर्षांचा इतिहास आहे, आणि तो बराचसा फसलेल्या औषधांचा आहे.

१९६१ च्या सुमारास मेंदूतल्या गाठीभोवतीची सूज डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने झपाट्याने उतरते असे दिसले. मग माराची सूज का उतरणार नाही? तर्क इतका सरळ होता की जगभर डोक्याला मार लागलेल्यांना स्टेरॉइड देणे सुरू झाले. छोट्या चाचण्या कधी हो म्हणत, कधी नाही. शेवटी 'क्रॅश' नावाची मोठी चाचणी उभी राहिली. २०,००० रुग्ण घ्यायचे ठरले होते. १०,००८ वर ती थांबवावी लागली. २००४ मध्ये छापलेले आकडे असे: दोन आठवड्यांत स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी २१.१ टक्के दगावले, नुसते सलाइनसारखे पाणी मिळालेल्यांपैकी १७.९ टक्के. म्हणजे औषधाने शंभरामागे तीन जीव जास्तच गेले.

इतकी वर्षे हे कोणाच्याच लक्षात कसे आले नाही? कारण हे रुग्ण तसेही दगावत होते. वर्षाला तीस-चाळीस केसेस बघणाऱ्या डॉक्टरला शंभरातला तीनचा फरक डोळ्यांनी दिसणे शक्यच नाही. वाचलेला मात्र चालत भेटायला येतो आणि लक्षात राहतो. शिवाय सूज-सूजमध्ये फरक आहे. गाठीभोवती मुख्यतः रक्तवाहिन्या झिरपतात, मारानंतर पेशी स्वतःच पाणी धरून फुगतात.

तोवर संशोधकांना एक गोष्ट पटली होती. आदळल्या क्षणी झालेली इजा औषधाने परतवता येत नाही, पण पुढचे तास-दिवस पेशींमध्ये ग्लुटामेट (चेतापेशींचे निरोप नेणारे रसायन) आणि कॅल्शियमचा जो धुमाकूळ चालतो तो अडवता येईल. मॅग्नेशियम देऊन पाहिले. २००७ मध्ये निराशा. सिटिकोलीन, जे आपल्याकडच्या डिस्चार्ज कागदावर आजही सर्रास दिसते, ते १,२१३ रुग्णांवर नव्वद दिवस तपासले गेले आणि २०१२ मध्ये निकाल आला: फायदा नाही. प्रोजेस्टेरॉन या स्त्री-संप्रेरकावर सर्वांत जास्त आशा होती. मादी उंदरांचा मेंदू जास्त चांगला सावरतो, या निरीक्षणातून ती सुरू झाली. शंभर-दीडशे रुग्णांच्या चाचण्यांत फळलीही. २०१४ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांनी मिळून दोन हजारांवर रुग्णांत ती मोडीत काढली.

थोडेफार टिकले ते ट्रॅनेक्झॅमिक आम्ल. पाळीत जास्त रक्तस्राव झाला की बायकांना देतात तेच. जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांच्या पतीने १९६२ मध्ये ते शोधले. ते सूज उतरवत नाही, रक्ताची गुठळी विरघळू देत नाही. २०१९ च्या 'क्रॅश-३' मध्ये एकूण फरक नक्की म्हणण्याइतका नव्हता. पण तीन तासांच्या आत मिळालेल्या सौम्य आणि मध्यम माराच्या रुग्णांत मृत्यू घटले.

दुसरी वाट औषधाची नव्हे, इजा ओळखणाऱ्या रक्ताच्या चाचणीची. त्याआधी १९७४ मध्ये ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी शुद्धी मोजायची 'ग्लासगो कोमा स्केल' (जीसीएस) ही मोजपट्टी दिली, पुढे ती ३ ते १५ गुणांची झाली. "जीसीएस नऊ आहे" हे वाक्य तिथून आले. पण चौदा-पंधरा गुण असलेल्या, बोलत्या माणसाच्या डोक्यात रक्त साचले आहे का, हे ती सांगत नाही. हृदयाच्या झटक्यासाठी रक्तातल्या ट्रोपोनिनची चाचणी आहे तसे मेंदूसाठी काही हवे होते. एस-१००-बी हे प्रथिन १९६५ पासून माहीत होते, पण ते चरबीतूनही येते. पाय मोडलेल्याचेही वाढलेले निघते. मग मेंदूतल्या तारकापेशींतले जीएफएपी आणि चेतापेशींतले यूसीएच-एल-१ पुढे आले. अमेरिकेने २०१८ मध्ये या जोडीला मान्यता दिली. तेव्हा ही चाचणी बारा तासांच्या आत करायची होती. ती नकारात्मक आली तर सीटीत काही सापडण्याची शक्यता नगण्य. सकारात्मक आली तर मात्र फार काही सिद्ध होत नाही, सीटी काढावाच लागतो.

म्हणजे चाचणीचा उपयोग 'कोणाला सीटीला न्यायला नको' हे ठरवण्यापुरता. जळगाव-धुळ्यात, जिथे सीटी हाकेच्या अंतरावर आहे, तिथे हा फक्त खर्चाचा प्रश्न. सातपुड्यातल्या धडगावला तसे नाही. रात्री चांदसैली घाट उतरायचा की सकाळपर्यंत थांबायचे, हे ठरवायला तिथे अजून गुणांची मोजपट्टी, उलट्या आणि बुबुळांवर मारलेली बॅटरी एवढेच हाताशी असते. एकदा गाडी निघाली की मदतीला ऑक्सिजन आणि सलाइन. आणि वरचा रक्तदाब ९० च्या खाली एकदाही घसरू द्यायचा नाही, कारण १९९३ च्या अमेरिकी नोंदींत ज्यांचा तो घसरला त्यांच्यात मृत्यू दुपटीहून जास्त होते.